तारीख उमटणारा कॅमेरा

कुसगाव, लोणावळा
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

सौ. सईताई,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही सगळे पुण्यात खुशाल असाल. इकडे थंडी सुरू झाली आहे. आईचा गुडघा सकाळी जरा कुरकुरतो, बाकी ती बरी आहे. मी अजून त्याच दातांच्या दवाखान्यात आहे. पेशंटची नावं लिहायची आणि घाबरलेल्यांना 'काही दुखत नाही हो' असं दिवसभर खोटं सांगायचं, हे माझं काम.

तुझा मेसेज पोचला. मी तो वाचल्याचंही तुला दिसलं असेल. त्याला एकोणीस दिवस झाले. उत्तर तिथेच दिलं असतं तर तू त्यावर एक अंगठा टाकून मोकळी झाली असतीस, म्हणून मुद्दाम कागद घेतला. तू माझ्याहून आठ महिन्यांनी लहान, तरी आईने लहानपणापासून तुला ताई म्हणायला लावलं. वरती तसंच लिहिलं गेलं आहे. असू दे.

मेसेजमध्ये तू दोन गोष्टी लिहिल्या होत्यास. पहिलीकडे नंतर वळते. दुसरी सोपी आहे. तुझ्या तळेगावच्या काकू लग्नासाठी आई आता कामाला जाते त्या इथल्या हॉटेलात उतरल्या होत्या आणि त्यांना आई फाटकाशी कॅमेरा घेऊन दिसली. 'नंदामावशी फोटो काढते! किती गोड! कोणता घेतला गं? मलाही रोज पर्समध्ये टाकायला छोटासा हवाय, फोनच्या फोटोंचा कंटाळा आला,' असं तू लिहिलंस. विचारलंच आहेस तर नीट सांगते.

बाजारात विक्कीचं मोबाइलचं दुकान आहे, तिथे मिळाला. असले छोटे कॅमेरे मधे कुणी घेत नव्हतं. आता कॉलेजची पोरं फोटोला जुना रंग यावा म्हणून तेच शोधत येतात, म्हणून विक्कीने चार-पाच जमवून ठेवले होते. त्याने तीन काढून समोर मांडले. पहिला लाल, पातळ, साबणाच्या वडीएवढा. सुरू केला की पुढून नळी बाहेर येते. तो तुला आवडेल. विक्कीही म्हणाला, "रोज जवळ बाळगायचा तर हाच घ्या, मावशी, कळणारही नाही पिशवीत आहे ते." पण त्याची बॅटरी काढून वेगळ्या चार्जरला लावावी लागते आणि बटण तांदळाच्या दाण्याएवढं. दुसरा पाण्यात पडला तरी चालणारा, रबराचा, पण त्याच्या बटणांवर नुसत्या खुणा. आईने तो लगेच परत केला. तिसरा करड्या रंगाचा, जाडजूड. त्याला साधे दोन पेन्सिल सेल लागतात. वरचं बटण चांगलं गोल, अंगठ्याखाली मावेल असं. विक्कीच तो दाखवायला फारसा राजी नव्हता.

आईने एकच प्रश्न विचारला. "फोटूवर तारीख येती का?"

विक्कीने तिसऱ्यात ती चालू करून दाखवली. खालच्या कोपऱ्यात नारिंगी अक्षरांत तारीख आणि वेळ. "टाइम पन येतो? मग ह्योच द्या," आई म्हणाली. पिशवीत घालताना विक्कीने सहज विचारलं, "नातवाचे फोटो काढणार का, मावशी?" आमच्या घरात नातू नाही. आई म्हणाली, "व्हय."

फोनच का नाही घेतला, असं तू म्हणशील. फिनाइल आणि सोड्याच्या पाण्याने आईची बोटं इतकी झिजली आहेत की फोनच्या काचेला ती लागलेली कळतच नाहीत. तुमच्या बंगल्यावर कामाला असताना तू दिलेल्या फोनवर ती भाड्याचे पाहुणे गेल्यावर खोल्यांचे फोटो काढायची ना, तेव्हा प्रत्येक वेळी माळ्याला हाक मारायची. हे तुला माहीत नसेल. तू पुण्यात बसून शेळ्या हाकत होतीस. शिवाय त्या फोनमधले फोटो आपोआप तुझ्याकडे जायचे, ते आईच्या डोक्यात पक्कं बसलं आहे. मी तिला नवा फोन घेऊन देत होते, तर म्हणाली, "त्यो नको. त्यातलं समदं दुसऱ्याला दिसतं. माजं माज्याजवळ ऱ्हाईल असं कायतरी बघ."

आता ती फोटो कशाचे काढते तेही ऐक, म्हणजे काकूंना सांगता येईल.

सकाळी आठला हॉटेलच्या फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर ती आपली पिशवी रिकामी करते. जेवणाचा डबा, चष्मा, मिश्रीची डबी, गुडघ्याचं मलम, जास्तीचं लुगडं. सगळं ओळीने मांडते, रिकामी पिशवी उलटी करून शेजारी ठेवते आणि फोटो काढते. मग आत जाऊन दिवसभर चादरी बदलते. संध्याकाळी बाहेर आली की पुन्हा तेच. कनवटीची थैलीही उलटी करून कट्ट्यावर पसरते. पहिल्या दिवशी तिथला वॉचमन हसला. आता तो तिचं आवरेपर्यंत गाड्या थांबवतो. हॉटेलवाल्यांनी तिला असं काही करायला सांगितलेलं नाही. त्यांनी तर तिची पिशवी एकदाही उघडली नाही.

उघडली ती तू.

सईताई, मी हे पत्र तीनदा सुरू केलं आणि तिन्ही वेळा कॅमेऱ्यावरच अडकले. पंधरा ऑगस्टची जोडून सुट्टी होती. तुमच्या खंडाळ्याच्या बंगल्यात पाहुणे होते, त्या बाईंची सोन्याची बांगडी सापडेना. तू नेमकी आलेली होतीस. एकतीस वर्षं आईने तो बंगला सांभाळला, मी त्याच्या मागच्या खोलीत वाढले, आणि तू अंगणात सगळ्यांसमोर किती गोड आवाजात म्हणालीस, "मावशी, फक्त फॉर्मॅलिटी आहे गं. ट्रंक उघडून दाखव, म्हणजे त्यांचंही समाधान होईल." तू ओरडली असतीस तर बरं झालं असतं. आई निदान उलटून बोलली असती. गोड बोलणाऱ्याला ती कधीच 'नाही' म्हणू शकत नाही.

ट्रंक तिने स्वतः उचलून आणली. माळी, ड्रायव्हर, स्वयंपाकाची शकुबाई, पाहुण्यांची मुलं, सगळे उभे होते. आत दोन लुगडी, वडिलांचं बंद पडलेलं घड्याळ, माझे शाळेचे दाखले आणि तळाशी तो पिवळा फ्रॉक. तो तू दोन बोटांत धरून उचललास आणि म्हणालीस, "हा माझा ना?"

एवढंच. पण त्या बाईंनी ड्रायव्हरकडे बघितलं ते मी पाहिलं. आणि आई, जिने तुला उष्ट्या हाताने भरवलं, ती त्या अंगणात सांगत बसली, "वैनींनी दिला वता. स्नेहलसाटी. तुमाला तोकडा झाला म्हनून दिला वता." अठ्ठावीस वर्षांपूर्वी दिलेल्या फ्रॉकचा हिशेब. तू लहान असून अंगाने थोराड, मी मोठी असून काडी, म्हणून तुझे कपडे मला व्हायचे. हे सांगायला तुझी आई आता नाही आणि तुला आठवलं नाही. किंवा आठवलं आणि तू गप्प राहिलीस. यातलं कुठलं, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही.

बांगडी ट्रंकेत नव्हती हे वेगळं सांगायला नको. साप साप म्हणून भुई धोपटून झाली आणि तुम्ही सगळे आत चहाला गेलात. आईने ट्रंक आवरली. दुसऱ्या दिवशी आम्ही कुसगावला आलो. तुझा फोन तिने चार्जरसकट खोक्यात घालून ओट्यावर ठेवला होता, तो तुला मिळाला असेलच.

इथे आल्यावर ती आठवडाभर एकच गोष्ट बोलायची. "त्या वक्ताला वैनींनी फराक देताना कुनी फोटू काढला असता, तर बरं झालं असतं." मी हसण्यावारी नेलं. पगार हातात पडल्यावर ती म्हणाली, "मला कॅमेरा घ्यायचाय."

आता तुझ्या मेसेजमधली पहिली गोष्ट. ती मला पाठ झाली आहे. 'अगं, ती बांगडी सापडली! त्यांच्याच मुलीच्या पोहण्याच्या पिशवीत होती. मावशीला सांग, मनात काही ठेवू नकोस. डिसेंबर सगळा फुल आहे आणि तुमची खोली रिकामीच आहे.' आणि पुढे एक हसरा चेहरा.

मी आईला हे सांगितलेलं नाही.

एकोणीस दिवस सांगितलेलं नाही. सांगितलं की ती लगेच माफ करणार, दुसऱ्या दिवशी ट्रंक भरणार आणि तुमच्या चादरी बदलायला हजर होणार, हे मला माहीत होतं. मला ते नको होतं. मला तू इथे यायला हवी होतीस. शकुबाई, माळी, ड्रायव्हर यांना समोर उभं करून तू तुझ्या तोंडाने म्हणायला हवं होतंस की माझं चुकलं. मी रोज वाट पाहिली. आणि तोवर ही बाई रोज दोनदा कट्ट्यावर आपली कनवटी उलटी करत होती, आणि ती निर्दोष आहे हे माझ्या फोनमध्ये लिहिलेलं होतं. तू केलंस ते एका दिवसाचं होतं, सईताई. मी ते एकोणीस दिवस चालू ठेवलं. तुला बोल लावायला बसले आणि हे लिहावं लागलं, याचा मला फार राग येतो आहे. तुझा आणि माझा, दोघींचा.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

पत्र पाकिटात घालून ठेवलं होतं, पुन्हा उघडलं.

काल संध्याकाळी आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तुझा मेसेज मी जसा होता तसा वाचून दाखवला. "कुटं सापडली?" तिने विचारलं. मी पुन्हा सांगितलं. "बरं झालं. त्या पोरीला आयनं लय मारलं तर नसंल ना?" म्हणाली आणि परत तांदळाकडे वळली. मी तिला हेही सांगितलं की मला हे वीस दिवसांपासून माहीत आहे. तिने वर पाहिलं. मला वाटलं, आता एक ठेवून देईल. दिली असती तर बरं वाटलं असतं. पण तिने फक्त ताट खाली ठेवलं आणि म्हणाली, "तूबी?"

मी रडले. ती नाही रडली.

जेवताना ती आपणहून बोलली. "सईताईला लिही, मी रागावले न्हाई. वैनींचं मीठ खाल्लंय. पर मी येनार न्हाई. खोली दुसऱ्या कुनाला द्या म्हनावं."

मला वाटलं, चला, निदान या फोटोंमधून ती सुटली. आज सकाळी मी तिच्याबरोबर हॉटेलपर्यंत चालत गेले. फाटकाशी आलो, तर तिने नेहमीसारखा कट्टा पदराने झटकला आणि डबा, चष्मा, मलम मांडायला घेतलं. मी तिचा हात धरला. म्हटलं, "आई, आता कशाला? सापडली ना बांगडी!"

तिने हात सोडवून घेतला. पिशवी उलटी केली आणि बटण दाबलं.

"ती सापडली," म्हणाली. "उद्या दुसरं कायतरी हरवंल."

मग सामान भरून आत गेली.

आईने तुला आशीर्वाद सांगितले आहेत. ते तिचे आहेत म्हणून पोचवते. माझ्याकडून आता येण्याचा आग्रह नाही. आलीस तरी आता काय करशील, ते मलाही सुचत नाही.

स्नेहल