गाडीपेक्षा तरुण

२ तारीख, सोमवार (छापील गुरुवार खोडून)

मानवजातीवर आजवर पुष्कळ अन्याय झाले. आज त्यांत एकाची भर पडली. नव्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी मला नोंदींसाठी एकोणसाठ वर्षांपूर्वीची डायरी मिळाली. कोरी, करकरीत आणि ठार चुकीची. आज सोमवार असून ती छातीठोकपणे गुरुवार म्हणते. मालकांपाशी गाऱ्हाणं नेलं, तर म्हणाले, कागद उत्तम आहे, वार तुम्ही सुधारा.

बाकी जागा झकास. जुन्या गाड्या नव्यासारख्या नव्हे, तर अगदी जुन्यासारख्याच करून देणारं हे गॅरेज. माझ्याकडे एकच गाडी, वय अठ्ठावन्न. तिला त्या काळचा रेडिओ आणि त्या काळचं घड्याळ मिळवायचं. महिनाअखेर प्रदर्शन आहे. तिथला परीक्षक डॅशबोर्डखाली आरसा धरून प्रत्येक वस्तूवरचा शिक्का वाचतो म्हणे. नियम एकच: सुटा भाग गाडीपेक्षा तरुण असता कामा नये. माझ्या लग्नातसुद्धा इतकी चौकशी झाली नव्हती.

मी बावन्न. म्हणजे नापासच.

सोबतीला मिस्त्री. वय एकाहत्तर. दुपारी जेवून गाडीच्या मागच्या सीटवर, दारं लावून, घोरतात. मला ‘साहेब’ म्हणतात, पण ते ऐकून खुर्चीतून उठावंसं वाटतं.

४ तारीख, बुधवार (शनिवार खोडून)

घड्याळ मिळालं. अस्सल. दर दोन मिनिटांनी ‘खट्’ करून स्वतःला चावी देतं. मिस्त्री म्हणाले, हे शिकणारं घड्याळ आहे. पुढे गेलं म्हणून काटे मागे घ्या, की ते धडा घेतं आणि पुढच्या वेळी सावकाश चालतं. मी म्हटलं, आमच्या घरात हा गुण कुणातच नाही. ते म्हणाले, साहेब, तुम्ही काटे मागे घेऊन पाहिलेत का?

पोट स्टिअरिंगला अडतं, म्हणून मी दार उघडं ठेवून, पाय बाहेर सोडून काम करतो. घड्याळ बसवलं. शोभतं.

लेकीचा फोन आला. चिमणी पंधरा तारखेला, रविवारी येणार. सव्वीस वर्षांची घोडी झाली, पण फोनवर पहिला प्रश्न, बाबा, हॉर्न वाजतो का? लहानपणी कुठल्याही गाडीत घातली की आधी हॉर्न. म्हटलं, ये आणि वाजव.

७ तारीख, शनिवार (मंगळवार खोडून)

रेडिओ मिळेना. भंगारवाले पाच, संग्राहक तीन, एक वाचनालयाचा माळा. जो मिळाला तो दोन वर्षांनी तरुण. मालक म्हणाले, तुमची पाहुण्यांसारखी बडदास्त ठेवलीय ती कशासाठी?

तेव्हा लिहून टाकतो. दुपारी शिक्का कानशीने घासला आणि आकडे ठोकायच्या पंचांनी नवा मारला. गाडीच्या जन्माआधीचं साल. हात जरासुद्धा थरथरला नाही, याचंच वाईट वाटलं. रेडिओ बसवला, दार लावलं.

घड्याळ म्हणालं, खट्. गाडीची बॅटरी तर काढून ठेवली होती.

९ तारीख, सोमवार (गुरुवार खोडून)

डॅशबोर्डमध्ये रेडिओच्या जागी भोक. मिस्त्रींना विचारणार होतो की रेडिओ शोधायचा कधीपासून, तेवढ्यात मागचं पान वाचलं. रेडिओ मी बसवलाय म्हणे. अक्षर माझंच. मला काहीच आठवत नाही. मिस्त्री म्हणाले, कसला रेडिओ?

कानशीत पितळेचा चुरा अडकलाय.

१० तारीख, मंगळवार (शुक्रवार खोडून)

लिहायला हाताशी काही नव्हतं, म्हणून मिस्त्रींकडून पेन्सिल उसनी घेतली. चपटी, सुतारकामाची, त्यांच्या वडिलांची. म्हणाले, परत करा हं साहेब, पेन्सिल नेणारा माणूस पुन्हा दिसत नाही.

मग आधीची पानं पाहिली. निळ्या शाईत आहेत. म्हणजे माझ्याकडे पेन होतं. काल ते सीटवर ठेवून दार लावलं असणार.

११ तारीख, बुधवार (शनिवार खोडून)

शहानिशा करून टाकू. आधी लिहितो, मग करतो. सीटवर दोन वस्तू ठेवतोय. या महिन्यात घेतलेला एक स्क्रू. मिस्त्रींच्या डब्यातला एक जुना वॉशर. दार लावतोय.

खट्.

उघडलं. वॉशर आहे. स्क्रू ठेवला होता असं वर लिहिलंय.

गाडीने धडा घेतला. मी शिक्का खोटा मारला, तेव्हापासून ती शिक्क्यावर विश्वास ठेवत नाही. स्वतः तपासते.

१२ तारीख, गुरुवार (रविवार खोडून)

टेबलावर एक वायर आहे, टोकाला फोनचं चार्जर. फोन कुठे? मिस्त्री म्हणाले, तुमच्याकडे कधी पाहिला नाही. चार तारखेच्या पानावर मी फोनवर बोललोय.

चिमणीचा नंबर त्यातच असणार. पाठ नाही. रविवारी ती येणार आणि आधी हॉर्न—

गाडीला कुलूप लावता येत नाही. कुलूप मूळचं, पण किल्ली मूळची नव्हती, म्हणून मालकांनी फेकून दिली. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, रेडिओचं बघा.

१३ तारीख, शुक्रवार (सोमवार खोडून)

दारं दोरीने बांधली. मिस्त्रींनी दुपारी सोडली. झोपायचं होतं. त्यांना काही होत नाही. ते थोरले आहेत.

रविवारी पहाटेपासून फाटकात उभा राहणार. आत येऊच द्यायची नाही.

१४ तारीख, शनिवार (मंगळवार खो

मागच्या खोलीतून साखळी आणायला आलोय. दोरीपेक्षा बरी. चिमणी उद्या—

हॉर्न वाजला.

आत्ता. एकदाच, लांब. एक दिवस आधी येऊन चकित करायची तिची जुनी खोड— दाराचा आवाज—

खट्

१४ तारीख, मंगळवार

गाडीशेजारी जमिनीवर एक पिशवी आहे. बाईमाणसाची दिसते. आत एक स्वेटर, राखाडी, हाताने विणलेला. अंगाला लावून पाहिला. माझ्याच मापाचा.

मिस्त्री म्हणाले, कुणी आलं नाही.

हातात साखळी का आहे कळेना. डायरी वाचली.

कोणी चिमणी येणार होती. माझी लेक, असं मीच लिहिलंय. हॉर्नची गोष्ट लिहिलीय. दोनदा वाचली, चारदा वाचली. चेहरा येत नाही. काहीच येत नाही. घराचं दार उघडावं आणि आत खोलीच नसावी—

१५ तारीख, बुधवार

स्वेटर घातलाय. बाहीला एक टाका चुकलाय, तो तसाच पुढे विणत नेलाय. घाईत असणार. एक दिवस आधी पोचायचं म्हणून.

मला ती आठवत नाही. पण तिला मी आठवत असेन. जिथे असेल तिथे एकटी आहे. आणि बाबा आत न येता बाहेर उभा—

शिक्का मी घासला. तिने नाही.

बावन्न आणि अठ्ठावन्न. सहा वर्षांनी तरुण. पोट अडेल, पण श्वास ओढला की दार लागेल.

मिस्त्री बाकावर डबा खातायत. आज सीटवर झोपू नका म्हटलं. म्हणाले, बरं साहेब, तुम्ही पडा.

पेन्सिल त्यांची आहे. ती त्यांच्या डब्याशेजारी ठेवतो आणि मग