पोटावरची रेषा

४ नोव्हेंबर
सईचा मलेरियाचा रिपोर्ट तिसऱ्यांदा कोरा. थॅलेसेमियाही नाही. सहा वर्षांची पोर, काड्यांसारखे हातपाय, आणि पोट डावीकडे बरगडीपासून बेंबीपर्यंत टणक. पानथरी, म्हणजे प्लीहा, सुजलीय हे सगळे सांगतात. का, ते कोणी सांगत नाही. कोपऱ्यावरचे डॉक्टर म्हणाले, "आजी, लाड कमी करा, जंताचं औषध द्या." म्हटलं, "मी तुमची आजी नाही. आणि जंत तुमच्या डोक्यात झालेत." बाहेर आल्यावर अश्विनी हसता हसता रडायला लागली. "आत्या, आता कुठे जायचं गं?" सून होऊन नऊ वर्षं झाली, तरी मी तिची आत्याच. दादाची मुलगी ना.

११ नोव्हेंबर
मोठं हॉस्पिटल. फॉर्म मी भरला. घरातले सगळे फॉर्म मीच भरते, नन्सनी छडी मारून घडवलेलं अक्षर आहे. 'आई-वडील नात्यातले?' नाही. पुढे.
सर्जन : प्लेटलेट कमी आहेत, पानथरी काढून टाकू, पुढचा गुरुवार.
मी : वाढली कशाने?
सर्जन : काढल्यावर तपासू.
मी : दिवा लागत नाही म्हणून तुम्ही आधी भिंत पाडता का?
निखिलने सहीसाठी पेन उघडलं होतं. मी काढून घेतलं. "आई, प्लीज, तमाशा नको." म्हटलं, तमाशा सुरू झालाय, तू बसून बघ.
ते पेन अजून माझ्या पर्समध्येच आहे.

१९ नोव्हेंबर
आनुवंशिक आजारांची ओपीडी. शाळेतल्या मैत्रिणीच्या लेकीने सुचवली. डॉक्टर पोरसवदा, पायात स्पोर्ट्स शूज. आधी आवडली नाही. मग तिने सईचं पोट पाऊण तास तपासलं, हाडं दुखतात का, नाकातून रक्त येतं का, सगळं सईलाच विचारलं. पानथरीच्या कडेने बॉलपेनने रेषा काढली. सई खूश.
मग अश्विनी म्हणाली, "आत्या, बाटली दे ना."
डॉक्टरचा हात थांबला. "सासूबाईंना आत्या म्हणता?"
"माझ्या भावाची मुलगी आहे," मी म्हटलं.
"मग फॉर्मवर 'नाही' कोणी लिहिलं?"
"मी."
मामाची मुलगी म्हणजे हक्काची. फॉर्मवरचं 'नात्यातलं लग्न' म्हणजे दुसऱ्यांकडचं, असंच धरून चाललो आम्ही. शाळा सोडल्यानंतर आज पहिल्यांदा मान खाली.
ती रागावली नाही. रक्ताची एकच तपासणी लिहिली, एका एन्झाइमची. "तोवर ऑपरेशन अजिबात नको."

२० नोव्हेंबर
मुलुंडला दादाला फोन. वहिनी मधेच : "आमच्याकडे असलं काही नाही हं!" म्हटलं, वहिनी, तुमच्याकडून नाहीच. माझ्याकडून निखिलला आणि दादाकडून अश्विनीला, दोन्हीकडून आमच्याच घराण्याचा दोष आलेला असणार.
लग्न जमवलं कोणी? मी. आधी हळद कोणी लावली? मी.
अश्विनीला टाळून दिवसभर कपाटं आवरली. तिनेच चहा आणून ठेवला. "आत्या, थंड होतोय." बस.

१४ डिसेंबर
आजार सापडला! नाव गोशे. एन्झाइम जवळजवळ नाहीच, म्हणून पेशींतला कचरा पानथरीत साठतो. औषध आहे, दर पंधरवड्याला सलाईनमधून. पानथरी काढली असती तर तोच कचरा हाडांत जास्त साठला असता.
सर्जनना मीच फोन लावला. "गुरुवार मोकळा ठेवा, तुमच्याच अभ्यासासाठी." निखिल हसत होता. आज तमाशा नको म्हणाला नाही.
अख्ख्या सोसायटीत पेढे. वॉचमन : "नातू झाला काय, बाई?"
"दुखण्याचं बारसं झालं रे. नाव मिळालं."
त्याने गोंधळून दोन घेतले.

८ जानेवारी
औषध महागडं, सरकारी खर्चाने मिळावं म्हणून दुर्मिळ आजारांच्या समितीकडे अर्ज. तोच प्रश्न. 'हो' लिहिलं, खाली दोन रेघा. शेजारी जागा नव्हती, तरी लिहिलं : मामाची मुलगी.

३ फेब्रुवारी
अर्ज मंजूर! आज पहिलं सलाईन. सई सुईला नर्सपेक्षा कमी घाबरली. डॉक्टरने नवी रेषा काढली. "सहा महिन्यांनी मोजू. सगळ्यांना सारखाच गुण येतो असं नाही, आजी." हिने आजी म्हटलेलं चालतं.
रेषा पुसेल म्हणून सई पोटाला पाणी लावू देत नाही. "मग डॉक्टरला कळणार कसं?" शेवटी बरगडीपासून रेषेपर्यंत शिवणाच्या टेपने मोजून ठेवलं आणि मग आंघोळ.

१५ मार्च
परवा, मंगळवारी, चौथं सलाईन आहे. सई दोन जिने न थांबता चढली, वर जाऊन मलाच "ये लवकर" म्हणाली.
दुपारी ती झोपली असताना बरगडीपासून टणक कडेपर्यंत टेप लावली. अर्धं बोट कमी. की मीच टेप ओढून धरली?
अश्विनीला अजून सांगितलेलं नाही. मंगळवारी टेप तिच्याच हातात देणार. मी बघणार नाही.