आमच्या बोलीत 'चांगलं' नाही

२ सप्टेंबर २०२४, सोमवार

पहिला दिवस. सहा महिने, तीनशे तास, मग परीक्षा. पास झालो तर गरोदर बायांची सोनोग्राफी करायचा कागद मिळेल. आमच्या ग्रामीण रुग्णालयातलं मशीन दोन वर्षं चादरीखाली झाकून आहे. मी तिथला डॉक्टर, पण हा कागद कोणाकडेच नाही म्हणून! बाया दोन एसट्या बदलून यवतमाळला येतात.

शिकवणाऱ्या प्रेरणा मॅडम माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. विचारलं, "मेडिकलला यायच्या आधी काय करत होता?" म्हटलं, वणीला ट्रकच्या गॅरेजात फिटर. त्यांना वाटलं मी विनोद करतो आहे.

४ सप्टेंबर

स्क्रीनवर काही दिसत नाही. खाणीच्या रस्त्यावर ट्रक गेल्यावर धुळीत दिसतं तसं. मॅडम म्हणतात, "हे डोकं." मी म्हणतो, "हो." मला ते पोटही वाटतं.

६ सप्टेंबर

आज बाळाच्या ठोक्यांचा आवाज लावला. आकडा यायच्या आधी मी म्हटलं, एकशे बेचाळीस. मशीननं दाखवलं एकशे चव्वेचाळीस. गॅरेजात इंजिनला स्क्रूड्रायव्हर टेकवून दुसरं टोक कानाला लावायचो, ती सवय. मॅडम खूश झाल्या — पाच सेकंद. मग म्हणाल्या, "देवसिंग सर, परीक्षेत कान नेता येतील. मार्क डोळ्यांना आहेत."

१२ सप्टेंबर

आज माती खाल्ली.

बाहेर बाकावर एक माणूस फोनवर हळू बोलत होता — हळू म्हणजे मला ऐकू येईल इतकं. "पैनगंगेपलीकडं एक जण हाय म्हंते. दोन पोरी हायेतच. या खेपेले पाहून घेऊ, पोरगा नसन त मोकळं करू." नाव फुलचंद. बायको पायल, एकोणीस आठवडे. सोबत त्याची आई बसंतीबाई.

फुलचंद दाराबाहेर, पडद्याला नाक लावून. बायका आत. मी प्रोब, म्हणजे मशीनचा दांडा, पोटावर ठेवला. मॅडमनी काही न बोलता तो माझ्या हातात फिरवून सरळ करून दिला. मी उलटा धरला होता. बसंतीबाई बघत होती. लाज वाटली.

मॅडमनी पाहिलं, सांगितलं — बाळ ठीक, वार जरा खाली आहे, जड उचलायचं नाही, डिसेंबरात परत या. आणि गेल्या पुढच्या बाईकडे.

बसंतीबाईनं माझा उच्चार पकडला. "कोन्त्या तांड्याचा रे तू?" सांगितलं, महागावकडचा. मग काय, आमची बंजारा बोली सुरू! तिनं विचारलं, लेकरू कसं आहे? मी म्हटलं, "आछो छ."

झालं!

मराठीत 'चांगलं' असतं. बाळ चांगलं आहे, ते हलतंय — तो नाही, ती नाही. मराठीला ही सोय आहे. आमच्या तांड्याच्या बोलीत 'चांगलं' नाहीच. एक तर आछो, म्हणजे चांगला, नाही तर आछी, म्हणजे चांगली. काहीच माहीत नसलं की तोंडात आछोच येतं. मुलगा की मुलगी ते मी पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तरी दिसलं नसतं — मला अजून डोकं दिसत नाही!

बसंतीबाई क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग दाराशी गेली आणि ओरडली, "फुलचंद! आछो म्हंते डॉक्टर, आछो!"

मी मागे धावलो. "काकी, मी तसं नाही म्हटलं. मला माहीतच नाही."

"हो हो!" ती आणखी मोठ्यानं, "त्याईले सांगता येत नाई, कायदा हाय!"

अख्खं बाक हसलं. त्यांच्या डोक्यावर बोर्ड: येथे मुलगा की मुलगी हे सांगितले जात नाही. मराठी, हिंदी, इंग्रजी. आमच्या बोलीत नाही.

१३ सप्टेंबर

झोप नाही. सकाळी मॅडमना सगळं सांगितलं, फोनवरचंही. त्यांनी पेन खाली ठेवलं. "कोणी तक्रार केली तर तुमचा कागद गेला, सर. पुढचं माझ्यावर." लेखी घेतलं. नदीपलीकडच्या माणसाचं वेगळं लिहून वर पाठवलं. गावच्या आशाताईला फोन — पायलवर लक्ष ठेवा.

मग फुलचंदला फोन, स्पीकरवर. आम्ही काही पाहिलं नाही, काही सांगितलं नाही, आम्हाला माहीत नाही. तो म्हणाला, "समजलं मॅडम, समजलं." हसू लपत नव्हतं.

पेच असा. 'नाही' म्हटलं की 'हो' ऐकू येतं. फारच जोरात नाही म्हटलं तर 'मग आछी असन' — आणि गाडी पैनगंगेपलीकडे. गप्प बसलो तर ते बाळ वाचतं, पण माझ्या चुकीवर. आणि मुलगी झाली तर पुढे पायलचं काय?

मॅडम म्हणाल्या, "माहीत नाही, एवढंच खरं आहे. विचारतील तेव्हा तेवढंच सांगायचं."

२० सप्टेंबर

ठरवलं — मशीनच्या खोलीत फक्त मराठी. आज आमच्या समाजाची एक बाई बोलीत बोलायला लागली, मी मराठीत उत्तर दिलं. ती सासूला म्हणाली, "साहेब झाला, बोली विसरला." ऐकून घेतलं.

संध्याकाळी मायचा फोन. तिच्यापर्यंत बातमी पोचली होती, चार तासांत! "काहून रे, मराठीत बोलून राह्यला म्हंते? आमची लाज वाटते का तुले?" म्हटलं, माय, व्याकरणाची अडचण आहे. तिनं फोन ठेवला.

२१ ऑक्टोबर

फुलचंद सीताफळांची पाटी घेऊन आला. घेतली तर कबुली, परत केली तर अपमान. परत केली. जाताना डोळा मारून गेला.

२ नोव्हेंबर

आज डोकं दिसलं! आपोआप, विचार न करता. मग मणका, माळेसारखा. पाठोपाठ पोट, आणि ते पोटच होतं. कोणाला सांगू? मॅडमना सांगितलं. म्हणाल्या, "दोन महिन्यांनी का होईना."

१३ डिसेंबर

पायल आली. मीच केलं, मॅडम मागे उभ्या. प्रोब सरळ धरला. वार वर सरकली आहे — मॅडमच्या आधी मला दिसली. मांडीचं हाड मोजलं आणि लगेच प्रोब वर घेतला. बाकी काही बघायचंच नाही, त्या भागात मी आंधळा.

पायल अंगानं भरली आहे. पाणी आणायला जात नाही, कापूस वेचायला जात नाही. सासूनं बंद केलं, म्हणाली. तिनं मला एक शब्द विचारला नाही. फक्त ठोके पुन्हा ऐकवायला सांगितलं. ऐकवले.

एक गंमत लक्षात आली. बसंतीबाई खोलीत सुनेशी अगदी हळू बोलते. दाराशी पोचली की आवाज चढतो. "आछो हाय माहा आछो!" फुलचंदला कमी ऐकू येतं की काय! बसंतीबाईला म्हटलं, काकी, एकदा त्याचे कान तपासून घ्या. ती खूप हसली. इतकं हसण्यासारखं काय होतं कोण जाणे.

६ फेब्रुवारी २०२५

परीक्षा. तीनशे तास लवकर भरले म्हणून महिनाभर आधीच. परीक्षकांनी पहिल्यांदा मशीनचा आवाजच बंद केला. तरी पास!

मॅडमनी चहा पाजला. आनंद झाला, पण चहा पिताना मी कॅलेंडर बघत होतो. पायलचे दिवस भरत आले आहेत.

९ फेब्रुवारी

सकाळी बसंतीबाईचा फोन. पायल बाळंत झाली, अडचण नाही, तीन किलो. मुलगी.

मी म्हटलं, "काकी, त्या दिवशी मी —"

"तुले काय दिसलं होतं रे बापू! मशीनचा दांडा उलटा धरून बसला होता तू. त्या मॅडमनं सरळ करून देल्ला, म्या पाह्यलं. पन फुलचंद पडद्यामागं उभा होता. तुह्या तोंडून आछो निंगालाच होता, म्या फक्त दारापर्यंत नेला."

विचारलं, फुलचंद कुठे आहे?

"भाईर बसला हाय. तुले शिव्या देऊन राह्यला. देऊ दे. पोरीले घेतलं नाई अजून, पन दोनदा डोकावून गेला." मग पलीकडे रडण्याचा आवाज जवळ आला. तिनं फोन बाळाजवळ धरला होता. "घे, आयक. आता नीट बोल."

"आछी छ," मी म्हटलं.