डावीकडून येणारी यानं

कापडे, ता. पोलादपूर
१४ डिसेंबर

प्रिय अक्षदा,

पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळे बरे आहेत, भात झोडून घरात आलंय आणि तुझी आई नेहमीसारखी माझ्यावर वैतागलेली आहे. फोनवर मी निम्मं गिळतो आणि उरलेलं भलतंच बोलतो, हे तुला ठाऊक आहे. गेल्या महिन्यात तसंच झालं, म्हणून आज कागद घेऊन बसलोय. एक तारखेपासून तू पुन्हा कंपनीत नोकरी धरणार आणि टीव्हीवरचा तो खेळ बनवायचं काम बंद करणार, असं तू आईला सांगितलंस. आईने ते मला सांगितलं भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता. तेव्हा नोकरीला होकार कळवण्याआधी माझं हे सगळं एकदा वाचून घे, मग काय ते ठरव.

एकतीस वर्षं मी महाड डेपोची एसटी चालवली. गाडी आत लावली की चालकाने वहीत दोष लिहायचे, ही आमची रीत. ब्रेक लांब लागतो, वायपर अडकतो, गाडी डावीकडे ओढते. चांगलं काय आहे ते कुणी लिहीत नाही. गाडी चांगली असली की रकाना कोरा. गणपतीत तू आलीस, टीव्हीला तो डबा जोडलास, बटणांचा कंट्रोलर माझ्या हातात दिलास आणि म्हणालीस, आप्पा, खेळा आणि खरं खरं सांगा. मी आपली वहीच भरायला लागलो. चालक मेकॅनिकला लिहितो तसं पोरीला मोबाइलवर लिहीत गेलो, आणि त्यात काही चुकतंय असं मला एकदाही वाटलं नाही.

आज आधी तो कोरा रकाना भरतो. तुझा खेळ मला पहिल्या दिवसापासून आवडलाय. ते जाडे जाडे ठिपके, काळं आभाळ, वरून रांगेने उतरणारी यानं बघितली आणि मला महाड स्टँडमागचं प्रवीणचं व्हिडिओ गेमचं दुकान आठवलं. तू सहा-सात वर्षांची असशील. सुट्टीत माझ्या गाडीतून यायचीस, आणि परतीच्या फेरीला वेळ असला की हट्ट करून मला त्या दुकानात न्यायचीस. तुझा हात पोचायचा नाही, म्हणून प्रवीण सोड्याच्या बाटल्यांचा क्रेट उलटा करून त्यावर तुला उभी करायचा. तू जीभ दातात धरून खेळायचीस आणि मी मागे तुझी पाण्याची बाटली सांभाळत उभा. त्या यंत्रातलं यान माशीसारखं इकडून तिकडे पळायचं. तुझं तसं नाही. तुझं यान वळवलं की लगेच वळत नाही, अंगात वजन घेऊन वळतं. प्रवाशांनी भरलेली गाडी अशीच वळते. हे तू कुठल्या पुस्तकात वाचलंस की माझ्या मागच्या सीटवर बसून शिकलीस, ते मला कळत नाही.

प्रत्येक टप्प्याला तू 'फेरी' म्हटलंयस आणि फेरी सुटताना कंडक्टरची डबल बेल वाजते. पहिल्यांदा ती वाजली तेव्हा माझा डावा पाय आपोआप क्लच शोधायला गेला. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, तरी पाय विसरला नव्हता. मला त्या क्षणी फार भरून आलं होतं अक्षदा. आणि बोललो काय, तर आवाज जरा मोठा आहे. तुझं तोंड उतरलेलं मी पाहिलं होतं. आता सांगतो, आवाज बरोबर आहे. त्याला हात लावू नकोस.

आता दोष. तेही लिहायलाच हवेत, नाहीतर तू म्हणशील आप्पा मऊ झाले. शत्रूच्या गोळ्या आणि तारे दोन्ही पिवळे होते. त्या गोळ्या तू तांबड्या केल्यास, ते छान झालं. अक्षरं अजूनही बारीक आहेत. सातव्या फेरीतलं ते थोरलं यान मरता मरत नाही, बोटं आखडतात, आणि शेवटी चुकलं की फेरी पहिल्यापासून, हा अन्याय आहे. मधेच चहा आला तर खेळ थांबवायची सोय आहे, पण थांबवलेला असताना ती धून चालूच राहते आणि डोक्यात घुमते. तुझ्या आईची तक्रार तर निराळीच. लहानपणी ती भाताच्या राखणीला शेतातल्या माळ्यावर बसून पाखरं हाकलायची. तिच्या मते हीसुद्धा राखणच. जे यान माघारी वळतं त्याला ती गोळी घालतच नाही. "ते चाललंय ना परत, मंग कशाला मारायचं?" म्हणते. त्यामुळे तिचे गुणच वाढत नाहीत. परवा मला विचारत होती, "हाकललेल्यांचे गुण कुठं हायत?" हा दोष मला खराच वाटतो. मनावर घे.

राहिला मुख्य दोष. डावीकडची यानं सूचना न देता येतात, असं मी तुला गणपतीनंतर लगेच कळवलं. तू त्यांचा वेग कमी केलास. मी पुन्हा तेच लिहिलं. तू तिथे लुकलुकणारा बाण टाकलास. मी तिसऱ्यांदा तेच कळवलं. तुझ्याबरोबर काम करणाऱ्या कुणालाच तो दोष सापडेना, तरी तू तीन आठवडे त्या एका बाजूच्या मागे होतीस, हे आईकडून मला नंतर कळलं. तिसऱ्या वेळी मी फोनवर म्हणालो की चांगली नोकरी सोडून दोन वर्षं हेच केलंस का, एक बाजू धड करता येत नाही. तू नुसतं 'बरं आप्पा' म्हणालीस. भांडली असतीस तर बरं झालं असतं.

त्याच दिवसांत माझं घरातही सगळ्यांशी वाजत होतं. दाराची चौकट माझ्या डाव्या खांद्याला लागायची. डाव्या हाताला ठेवलेला चहा हटकून सांडायचा, आणि कप कुठेही ठेवते म्हणून मी आईवर डाफरायचो. स्कूटरचा डावा आरसा साळूबाईच्या कुंपणाला घासून तुटला, तर कुंपण रस्त्यात पुढे घेतलंस म्हणून मी त्या म्हाताऱ्या शेजारणीशी तासभर भांडलो. ती बिचारी मोजायला काठी घेऊन आली. कुंपण होतं तिथेच होतं.

मग पंधरवड्यापूर्वी आपल्या गावची आशा ताई, अंकिता, तुझ्या आईचं ब्लड प्रेशर बघायला आली. मी खेळत होतो. ती पट्टा गुंडाळता गुंडाळता टीव्हीकडे बघायला लागली आणि म्हणाली, "काका, डावीकडनं चार आली की. मारत का नाय?" मी म्हटलं, ती अशीच येतात, पोरीच्या खेळात खोट आहे. ती म्हणाली, "खोट कसली? बाणपण दिसतोय लुकलुकताना." मला बाण कधी दिसलाच नव्हता. तू टाकलायस असं म्हणालीस, तेव्हा मला वाटलं होतं की विसरलीस. अंकिताने हातातलं काम ठेवलं, मला खुर्चीत बसवलं, एक डोळा झाकायला लावला आणि म्हणाली, माझ्या नाकाकडं बघा, बोट दिसलं की सांगा. तिचं बोट डावीकडून सरकत जवळजवळ नाकापाशी आलं तेव्हा मी 'दिसलं' म्हणालो. तिने दुसरा डोळा झाकायला लावला नि पुन्हा तेच केलं. मग माझ्याशी न बोलता तिने आईला सांगितलं की काकांना उद्याच महाडला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.

अक्षदा, खेळात दोष नव्हता. मला काचबिंदू आहे. डाव्या डोळ्याची बरीच नजर गेलीये आणि उजव्यालाही डाव्या बाजूने सुरुवात झालीये. समोरचं लख्ख दिसतं, अक्षरं वाचता येतात, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. डॉक्टरांनी एका यंत्रापुढे बसवून नजर मधोमध ठेवायला लावली आणि ठिपका चमकला की बटण दाबायला सांगितलं. तुझाच खेळ, फक्त बेल नाही. मी हरलो. गेलेलं परत येत नाही, पण रोज थेंब घातले तर उरलेलं टिकेल, आणि अजून वर्षभर आला नसतात तर टिकवायलाही काही उरलं नसतं, असं ते म्हणाले. स्टिअरिंगवरच्या शेवटच्या दिवसांत घाटात डावीकडचं मला किती दिसत होतं, या विचाराने मी दोन दिवस जेवलो नाही. ते आता डॉक्टरांनाही सांगता येत नाही. पण आज जे दिसतंय ते तुझ्यामुळे दिसतंय. जो दोष नव्हताच तो शोधत तू तीन आठवडे घालवलेस आणि मी तुला नावं ठेवली, याची माफी मागायला हे पत्र. आता तुझी आई माझ्या डाव्या अंगाला बसते. "दोन हायत, वरनं येतायत," असं सांगते आणि मी मारतो. काल सातवी फेरी पार केली, दोघांनी. नोकरी करायची असेल तर खुशाल कर, मी अडवणार नाही. पण खेळ जमला नाही म्हणून जाऊ नकोस, कारण तो जमलाय, आणि हे सांगणारा माणूस दोष काढण्यात एकतीस वर्षं मुरलेला आहे. फक्त तो बाण काढून टाक आणि डावी बाजू होती तशी वेगात येऊ दे. मला दिसत नाही म्हणून जगाने हळू यावं, हे मला नको.

तुझाच, तुझ्यावर फार जीव असलेला,
आप्पा