म्हशीच्या तोंडात घातलेला हात

अण्णा, काल रेणापूरजवळच्या एका गावात गाय बघायला गेलो होतो. तुमच्यासारखाच मीही आता गावोगावची आजारी जनावरं तपासतो. गाय खात नव्हती, तोंडातून लाळ गळत होती. मालकीण माझ्याच वयाची. म्हणाली, "आमचे हे म्हणतेत घशात काही अडकलंय. हात घालायलेच हुते, मी घालू दिला न्हाई." मी लांब हातमोजे चढवले तसं ती म्हणाली, "बरं केलंत दादा. मी ल्हान असताना एका साहेबांनी आमच्या म्हशीच्या तोंडात तसाच हात घातला हुता."

मला पुढचं ऐकायची गरज नव्हती. तुमच्या बोटांवर बाभळीच्या काट्यांचे ओरखडे होते, हे मला तिच्याहून जास्त माहीत आहे. आपल्या कामात ही चूक सगळ्यांच्याच हातून होते. जनावर अंगावर येत नाही, गप उभं राहून लाळ गाळतं, मग पिसाळल्याचं मनातही येत नाही. म्हैस मेली तेव्हा तुम्हाला उमगलं. लाळेत हात गेलेल्या त्या घरच्या सगळ्यांना तुम्ही सुया घ्यायला सरकारी दवाखान्यात नेलं. दर खेपेला मोटारसायकल काढून त्या गावात हजर.

त्या दिवसांतलं एक जेवण आठवतं. आई चुलीपुढून विचारते आहे, "तुम्ही घेतली का?" तुम्ही भाकरी मोडता आहात. "पहिली घेतली की. बाकीच्या घेतो. आधी त्या लोकांचं पुरं होऊ दे, मधीच सोडतेत." मी ताटावर बसून ऐकतो आहे. माझ्या शाळेत बक्षीस समारंभ होता त्या दिवशीही तुम्ही तिकडेच होता.

काल ती हसत सांगत होती, "मी लई रडायची. साहेब माझा हात धरायचे. म्हणायचे, म्हैस सुई टोचून घेताना गप राहती, तू म्हशीहून भित्री हायस का गं?" नवरा म्हणाला, "हायेच की." दोघंही हसले. मला तो विनोद नवा होता. आमच्याशी तुम्ही कामापुरतं बोलायचा. तुम्ही थट्टा करायचा हे मला तिच्याकडून कळावं, याचा इतका राग आला की हातमोज्यात बोटं वळली. तेव्हा तुमच्या बाकीच्या सुया राहूनच गेल्या. थोड्याच आठवड्यांत पाण्याचा तांब्याही तुम्हाला सहन होईना. दवाखान्यात शेवटचा तुमचा हात धरायलाही आम्हाला आत सोडलं नाही.

गाईच्या तोंडात मी हात घातला नाही. तिला लांब बांधायला लावलं, लाळ लागलेल्यांना साबण लावून वाहत्या पाण्याखाली बराच वेळ हात धुवायला सांगितलं. लगेच दवाखान्यात जा, सगळ्या सुया पुऱ्या करा, म्हटलं. आम्हाला हल्ली खात्यातर्फे आधीच लस टोचतात, तरी मीही जाऊन पुढच्या सुया घेणार आहे. ती म्हणाली, "सांगायची गरज न्हाई दादा. घरचे सगळे निघालोत." तिची दोन लेकरं चपला घालत होती.

निघताना तिने विचारलं, "त्या साहेबांच्या घरचं कोणी हाय का हो इकडं? एकदा भेटायचंय." मी गाडीला किक मारत म्हटलं, "माहीत नाही."

सांगितलं असतं तर ती माझ्यासमोर तुमच्यासाठी रडली असती, अण्णा. तेवढंही तिला द्यायची माझी तयारी नव्हती.