ओल्या पोत्यातली बाटली

२१ मार्च
नितीनच्या लाल गाडीवरचं कापड आज काढलं. तो गेल्यापासून मंगरूळच्या आमच्या गॅरेजात एका कोपऱ्यात तशीच उभी होती. धूळ, उंदरांच्या लेंड्या, आरशाला त्याने बांधलेला काळा दोरा. नायट्रसची जोडणी त्याने पुरी केलेली. इंजिनाला ऐन वेळी जोर देणारा गॅस, त्याचं वेड होतं ते. फक्त ट्यूनिंग राहिलं होतं, दोघांनी मिळून करायचं ठरलेलं. आता धाकट्या भावाचं राहिलेलं मी एकटाच पुरं करणार.
डोक्यात तोच भुंगा. मोटरसायकल घेऊन पेट्रोल आणायला गेला. पंप वाशीमच्या बाजूला. ट्रकने उडवला तो उलट्या बाजूला, आमच्या गावच्या रस्त्यावर. तिकडे कशाला गेला होता?

२४ मार्च
गॅसचं माप ठरवणारा मोठा जेट काढून सगळ्यात लहान बसवला. नि.ला मोठाच हवा होता. मी म्हणायचो, गॅस वाढला की पेट्रोलही त्याच मापात वाढलं पाहिजे, नाहीतर पिस्टन वितळून हातात येईल. तो म्हणायचा, "दादा, तू मेकॅनिक हायेस का पुजारी?" लवकर न तापणारे थंड प्लग टाकले, ठिणगीचं टायमिंग मागे घेतलं. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला आणि इंजिनाने वेग धरला तरच गॅस सुटेल, तो स्विचही तपासला.
पाना मागायला हात मागे केला. मागे कोण आहे.

२९ मार्च
ऊन फार. नायट्रसच्या बाटलीचं प्रेशर चढत राहिलं. डिकीतून काढून सावलीत ठेवली, ओलं पोतं गुंडाळलं.
आबा बाजारात मेथी देऊन गॅरेजवर आले. खूप दिवसांनी. नि. गेल्यापासून ते त्याचं नाव घेत नाहीत, फोटो लावू देत नाहीत. माय तो तांदळाच्या डब्यामागे ठेवते. मला वाटायचं, गाडीच्या नादाचा राग असेल.
एका गिऱ्हाइकाने विचारलं, काय चाललंय भाऊ. मी म्हटलं, "बाटली थंडी करून राह्यलो."
आबा पोत्याकडे बघत राहिले. चहा सांगितला होता, तो न घेताच गेले.

३० मार्च
गावी गेलो. आबा वांग्यांना पाणी देत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "एक तं बाटलीपायी गेला. आता तू बी?"
"कोनती बाटली, आबा?"
"त्या दिवशी त्याचा फोन आलता. म्हने, आबा, आज बाटली खोलतो, मंग पाहा. भर दिवसा बापाले सांगते. मी शिव्या घातल्या अन् फोन कापला."
मी बांधावरच बसलो. गॅरेजात आम्ही तिला बाटलीच म्हणतो. दारूचा थेंब नितीनने कधी तोंडाला लावला नाही. एवढे महिने आबा हे मनात घेऊन जगले, आणि आम्ही शेजारी बसून जेवत होतो. राग आला. कोणाचा ते कळेना.
सांगितलं सगळं. गॅसची बाटली, गाडीची. आबांनी पाणी दुसऱ्या सरीत सोडलं.

३१ मार्च
आता उलगडलं. त्या दिवशी तो कोणाशी तरी बोलला आणि फोन हातात धरून नुसता उभा राहिला. कोणाशी ते मी विचारलं नाही. मग किक मारता मारता म्हणाला, "पेट्रोल आनतो, अन्..." पुढचं आवाजात गेलं.
आबांची समजूत काढायला निघाला होता. दुसरं काय असणार.
हे आबांना सांगायचं? कोणत्या तोंडाने?

२ एप्रिल
ऊन चढायच्या आत गाडी बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात नेली. मालकाला विचारलं होतं. फाटक लावून घेतलं, हा खेळ रस्त्यावर करायचा नाही. आबा आपणहून सोबत आले. डिकीत पट्ट्याने आवळलेली बाटली त्यांनी चाचपली, वाकून वास घेतला. "याले तं वासच नाही."
आबांना शेजारी बसवून आधी बाटली बंद ठेवून एक फेरी. मग उघडून. गाडी अशी सुटली की आबांनी माझा दंड धरला. लगेच इंजिन बंद करून प्लग काढला. पांढरा पडला नव्हता, म्हणजे इंजिन जास्त तापलं नाही. माप बरोबर. नि. असता तर मोठा जेट लाव म्हणून डोकं खाल्लं असतं.
आबा टोपी मांडीवर ठेवून रडत होते. पोरगा पिलेला नव्हता, हे त्यांना पटलं. जाताना फोटोला चौकट घेऊ म्हणाले. मलाही रडू आलं, बरंही वाटलं.
मग म्हणाले, "पंप तं इकडं हाय. मंग तो गावाच्या रस्त्यानं कायले येत व्हता रे?"
"प्लग कसून घेतो आबा, मंग सांगतो."
प्लग केव्हाच कसून झाला होता. मी पाना फिरवत राहिलो.