न लागलेल्या आगीचे टोले

मी, खाली सही करणारा, वय वर्षे त्र्याहत्तर, चर्चच्या मनोऱ्यातली घंटा एकेचाळीस वर्षे वाजवणारा, हे मृत्युपत्र राहत्या घरी, पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर आपल्या मनाने लिहून ठेवीत आहे. गुडघे गेले, डावा कान गेला, अक्कल शाबूत आहे. तसा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. माझा मुलगा पक्षाचा शहर-चिटणीस असल्यामुळे म्हाताऱ्याला भ्रम झाला असे लोकांच्या गळी उतरवणे त्याला जड जाणार नाही, म्हणून दाखला घेतला. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. चर्चमागची दोन खोल्यांची जागा मी मुलीला देतो. ती परगावी इस्पितळात परिचारिका आहे. तिने घर विकले तरी माझी हरकत नाही. मात्र दर्शनी भिंतीवर मुलाने पक्षाचा फलक लावला आहे, तो आधी उतरवावा. चार खिळ्यांपैकी वाकडा गेलेला खिळा मी ठोकला आहे. त्या दिवशी मी हौसेने शिडीवर चढलो होतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

कलम २. माझी हत्यारे, म्हणजे दोर सांधायचा टोच्या, दोन कप्प्या, पान्यांचा संच आणि लाकडी पेटी, मागच्या गल्लीतल्या पत्रेवाल्याच्या धाकट्या भावाला द्यावीत. तो सध्या तुरुंगात आहे. आग लावल्याबद्दल त्याला बारा वर्षांची शिक्षा झाली, त्यातली तीन सरली. आग लागलीच नव्हती. हे मला कसे ठाऊक, ते लिहिण्यासाठीच हा खटाटोप आहे.

पक्षाचा पुढारी पहिल्यांदा आमच्या चर्चमध्ये आला तेव्हा छप्पर गळत होते. त्याने छप्पर करून दिले. कृतज्ञता म्हणून आम्ही त्याला पुढच्या बाकावर बसवले. मग ध्वज आला. आधी दाराशी, मग व्यासपीठाजवळ, मग थेट वेदीवर, क्रूसाच्या उजव्या हाताला. पाळकसाहेबांनी विचारले, "देशावर प्रेम करणं पाप आहे का?" पाप नाही, म्हणून सगळे गप्प बसलो. हळूहळू प्रार्थनेतले शत्रूंसाठीचे वाक्य गळाले आणि शत्रूंविरुद्धचे आले. चर्चमध्ये न येणारे लोक आपल्या देवाचे नाहीत, म्हणून आपल्या देशाचेही नाहीत, हे गणित पाळकसाहेबांनी एका रविवारी मांडले तेव्हा मंडळीने टाळ्या वाजवल्या. उपासनेत टाळ्या मी पहिल्यांदाच ऐकल्या.

माझ्या प्रभूला राजसत्तेने खिळे ठोकून मारले. आम्ही त्याला राजसत्तेच्या दारावर पहारेकरी म्हणून उभे केले. हे मला आज सुचते आहे. तेव्हा मी दोराला तेल लावत होतो.

चर्चमध्ये न येणारे म्हणजे मागची गल्ली. तिथला पत्रेवाला माझा स्नेही. घंटेवरचे पावसाळी झाकण त्यानेच ठोकून दिले होते. तो मला चिडवायचा, "टोलेकाका, तुमचा देव बहिरा आहे का हो? किती बडवता!" मी म्हणायचो, "बहिरा तू आहेस मेल्या, पत्रे ठोकून ठोकून." दिवसाआड हेच बोलणे व्हायचे आणि दिवसाआड आम्ही हसायचो.

आता टोल्यांची रीत सांगतो. उपासनेला तीन-तीन टोले, मयताला संथ एकेक, आणि आग लागली तर न थांबता सलग. सलग टोले ऐकले की देव कोणताही मानणारा असो, प्रत्येकाने हाताला लागेल ती बादली घेऊन चौकातल्या हौदाशी पळायचे, ही माझ्या वडिलांच्या वेळेपासूनची शिस्त. घंटावाल्याचीही एक शिस्त आहे: आधी वाजवायचे, मग विचारायचे. मनोऱ्यातल्या दोराच्या खोलीला खिडकी नाही, आणि आग थांबत नाही. एकेचाळीस वर्षांत या शिस्तीने दोनदा शहर वाचवले आहे.

त्या रविवारी उपासना सुटल्यावर मुलगा धापा टाकीत वर आला. "बाबा, आगीचे टोले द्या. लवकर."

"कुठं लागली?"

"मागच्या गल्लीत. द्या आधी!"

मी दोर धरला. धुराचा वास आला नव्हता. नाक माझे चांगले आहे, आणि वास येत नाही हे मला दहाव्या-बाराव्या टोल्यालाच कळले होते. तरी मी वाजवत राहिलो, कारण सांगणारा माझा मुलगा होता आणि खाली ध्वजाखाली बसणारी माणसे माझीच होती. शंका गिळून टाकली. हा गुन्हा शिस्तीच्या माथी मारता येणार नाही.

मागची गल्ली बादल्या घेऊन बाहेर आली. बायका, म्हातारी माणसे, सगळी. आमच्याकडे आग लागली समजून विझवायला आली. चौकात पक्षाची माणसे काठ्या घेऊन उभी होती. पत्रेवाल्याने हौदापाशीच जीव सोडला. मी खाली उतरलो तेव्हा त्याच्या तोंडावर कोणीतरी पोते टाकले होते, आणि आजूबाजूला त्यानेच बनवलेल्या बादल्या पडल्या होत्या.

संध्याकाळी त्याच्याच भावाची रिकामी शेड जाळण्यात आली आणि आग सकाळचीच आणि त्या भावानेच लावलेली असल्याचे ठरवले गेले. पुरावा काय? घंटा. ज्या अर्थी घंटा वाजली, त्या अर्थी आग लागली होती. चौकशीत मला विचारले, "आगीचे टोले दिलेत?" मी म्हणालो, "दिले." चौकशीच्या साहेबांनी पुढे विचारले नाही आणि मी पुढे सांगितले नाही. माझ्या त्या एका शब्दावर एक माणूस आत आहे. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी उपकारस्तुती घेतली, आणि तिचेही टोले मीच दिले.

कलम ३. वरील हकीकत माझा जबाब समजावा. ~~हा जबाब वकीलबाईंनी माझ्या मृत्यूपर्यंत बंद पाकिटात ठेवावा.~~

हे वाक्य लिहून मी चहा प्यायलो आणि परत येऊन खोडले. तो तिथे दिवस काढतो आहे आणि मी इथे स्वतःच्या मरणाआड लपतो आहे. भित्रा होतोच, मरून तरी किती भित्रेपणा करायचा? जबाबाची प्रत उद्या मी स्वतः कोर्टात देईन. वकीलबाईंनी स्पष्ट बजावले आहे: "काका, तुमच्या एकट्याच्या शब्दावर खटला पुन्हा उघडणार नाही. तुम्ही वर होता. खाली चौकात असलेलं एक तरी माणूस हवं." चौकात अर्धे शहर होते. विचारायला गेलो तर त्या वेळी सगळे म्हणे घरी जेवत होते. सतरा दारे झिजवली. दोन ठिकाणी अंगावर कुत्रे सोडले.

कलम ४. बँकेतली शिल्लक या खटल्याच्या कामी लावावी. मुलांनी त्यावर हक्क सांगू नये.

कलम ५. मुलाला मी माझे पवित्र शास्त्र देतो, दुसरे काही नाही. तो मला म्हणाला, "बाबा, तुम्ही फक्त दोर ओढलात. बाकी विसरा." लहानपणी तो त्याच दोराला लोंबकळून झोके घ्यायचा आणि मी खालून ओरडायचो. माझा त्याच्यावर जीव आहे आणि मला त्याची भीती वाटते. उद्यानंतर तो या घरात पाऊल टाकील असे वाटत नाही. बाळा, शास्त्र उघड. ध्वजाचे नाव कुठे सापडले तर माझ्या थडग्यावर येऊन मला खोटे पाड.

कलम ६. माझ्या शवपेटीवर ध्वज घालू नये. पक्षाच्या माणसाने खांदा देऊ नये. पाळकसाहेबांनी येऊ नये. आलेच तर बोलू नये. प्रार्थना मुलीने म्हणावी. टोले देऊ नयेत.

वकीलबाई सांगतात, साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, सही डोळ्यांदेखत झाली की पुरे. तरी मी दोघांनाही सगळे वाचायला दिले. आपण कशाला हात लावतो आहोत हे माणसाला कळावे. दोघांनाही या मृत्युपत्रातून काही मिळत नाही. शेजारच्या बेकरीवाल्याला तर मी आयत्या वेळी, पिठाने माखलेल्या हातांसकट, बोलावले. तो बराच वेळ वाचत बसला आहे.

लिहून देणार: (सही) घंटावाला, ऊर्फ टोलेकाका
ठिकाण: माझ्या घराची पुढली खोली
तारीख: महिन्याचा तिसरा रविवार, उपासना चालू असताना

साक्षीदार पहिली: (सही) डॉक्टरीण. लिहून देणार शुद्धीवर आहेत. सही माझ्यासमोर केली.

साक्षीदार दुसरा: (सही) बेकरीवाला. सही माझ्यासमोर केली. काका, सतरा दारं फिरलात, पण भिंतीला भिंत लागून असलेलं माझं दार तुम्ही वाजवलं नाहीत. मला वाटतं तुम्हाला माहीत होतं. पत्रेवाल्याला पहिली काठी मी घातली. उद्या कोर्टात मीही येतो.